बरणीतला गाळ

माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरांनी छडी उगारली, मी ती वरच्या वर धरली, आणि त्या दिवसानंतर मी शाळेत गेलो नाही आणि शाळाही मला बोलवायला आली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला कुणाला माझ्या ह्रस्वदीर्घाच्या चुका काढायच्या असतील त्यानं त्या इथंच काढाव्यात आणि पुढं मुकाट वाचावं. आपलं वाढणं लिहिताना लोक अठराव्या-विसाव्या वर्षाशी थांबतात, जणू पुढं माणूस वाढतच नाही. माझं अर्धं वाढणं माणदेशातल्या आडांमध्ये झालं आणि उरलेलं अर्धं सत्तरी ओलांडल्यावर, वॉटर्लू गावात, मुलाच्या घराच्या बेसमेंटात. हे दुसरं वाढणं कुणी केलं म्हणाल, तर अकरा वर्षांच्या एका पोरीनं. तिचे उपकार फेडायचे म्हणून हे प्रकरण लिहितोय. एरवी मी कुणाचे उपकार मानत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी बायको वारल्यावर दिनेशनं मला कॅनडात आणलं. दिनेश माझा मुलगा, कॉम्प्युटरात आहे. सूनबाई वैशाली बँकेत जाते. आणि त्यांची एकुलती एक सई. मला राहायला खालची खोली दिली, म्हणजे बेसमेंटातली. दिनेशला वाटलं बापाला वाईट वाटेल, म्हणून तो चार वेळा म्हणाला, "आबा, वर जागा नाही म्हणून हं, बाकी काही नाही." मला कशाला वाईट वाटेल? माझा निम्मा जन्म जमिनीखाली गेलेला. त्या खोलीची खिडकी माझ्या डोक्याच्या वर होती आणि बाहेरून ती जमिनीला टेकलेली. वर बघितलं की आडाच्या तोंडातून दिसावं तसं आभाळाचं चतकोर दिसायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "माझं जमलं इथं."

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. घर लाकडाचं, त्यामुळं वर कोण चालतंय ते खाली पडल्यापडल्या कळायचं. दिनेशची पावलं जड, वैशालीची घाईची, आणि सई चालायचीच नाही, उड्या मारायची. भिंतीमागं घर तापवणारी फर्नेस दर थोड्या वेळानं हुंकार देऊन चालू व्हायची, एखादी म्हातारी उठताना "अगं आई गं" म्हणते तशी. सकाळी सगळ्या गल्लीत फावड्यांचा खर्र खर्र आवाज. आमचा बर्फ मीच काढायचो. दिनेश ओरडायचा, "आबा, शोव्हल करू नका, पाठ जाईल." मी म्हणायचो, "ही पाठ तुझ्या बापाची आहे, तुला काय करायचंय?" आणि रविवारी वैशाली आठवड्याचा स्वयंपाक करायला घेई तेव्हा ठेच्याच्या ठसक्यानं छताला लावलेला धुराचा भोंगा हमखास बोंबलायचा. मग उणे पंधरात खिडक्या उघडायच्या, दिनेशनं टॉवेल फडकवायचा, आणि सगळ्यांनी खोकत खोकत हसायचं. ज्वारीचं पीठ देशी ग्रोसरीतलं, जुनाट. भाकरीला चिरा पडायच्या. तरी पिठलं, ती भेगाळलेली भाकरी आणि हॅलापेनो मिरचीचा ठेचा असला की मी तिथला आणि इथला हिशोब सोडून द्यायचो.

अडचण एकच होती. त्या घरात मला काम नव्हतं. भांडी मशीन घासणार, कपडे मशीन वाळवणार, झाडायला मशीन. मग मी नळ घासत बसायचो, दरवाजाच्या कड्या घासायचो. आणि एक जुनी सवय मला सुटत नव्हती. बेसमेंटात उतरायचं म्हटलं की मी आधी वरच्या बाथरूममध्ये पाय धुऊन यायचो. दर वेळी. दिवसातून दहादा. पायऱ्यांवर गालिचा होता आणि माझी ओली पावलं त्याच्यावर उमटायची. वैशाली एकदा हळूच म्हणाली, "आबा, पाय वरती येताना धुवा की, खाली जाताना कशाला?" मी म्हणालो, "खालीच जाताना धुवायचे असतात." का, ते सांगितलं नाही. ते सांगायचं तर माझा धंदा सांगावा लागला असता, आणि त्याची एक गंमत झाली होती. दिनेशनं तिथल्या मराठी मंडळात, शेजारीपाजारी, सगळीकडं सांगून ठेवलेलं, "बाबा वॉटर डिपार्टमेंटला होते." मायेनंच सांगितलं होतं. मीही खोडलं नाही. पण कुणी "काका, वॉटर डिपार्टमेंट का?" म्हणून हात मिळवला की आपण कुणा दुसऱ्याचे कपडे घालून लग्नाला आलोय असं वाटायचं.

थंडी पडायच्या आधी सईनं माझ्या खोलीच्या खिडकीत तीन काचेच्या बरण्या आणून ठेवल्या. पार्कातल्या तळ्यातला चिखल, त्यात कागदाचे कपटे आणि अंड्याचा बलक, वर तळ्याचंच पाणी, आणि तोंडाला प्लास्टिक बांधलेलं. प्रत्येक बरणीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांची चिठ्ठी. मी विचारलं, "हे गं काय?" तर "इट्स फॉर सायन्स फेअर, आबा. डोन्ट वरी," म्हणून उड्या मारत गेली. ती मराठी समजायची सगळं, बोलायची मात्र इंग्रजी. मी इंग्रजी चार आणे समजायचो आणि बोलायचो मराठी. तेवढ्यावर आमचं चालायचं. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला वाचता येईना. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण मी विचारत नाही. माझा स्वभाव आहे हा, आणि या स्वभावाला मी आजवर फार दाणापाणी घातलंय.

संक्रांत आली. वैशालीनं शनिवारी हळदीकुंकू ठेवलं. वीसेक बायका वर बसणार, त्यांची पोरं खाली खेळणार. तीन दिवस ती बँकेतून येऊन तिळगूळ वळत होती. हाताला चटके बसले तरी हसत होती. शुक्रवारी घरात मी एकटाच. पायऱ्यांवरून खाली आलो आणि नाकात घाण वास शिरला. सडक्या अंड्याचा. बघतो तर बरण्यांचा. आत गाळाचे थर बसलेले, कुठं काळा, कुठं हिरवट, कुठं जांभळा पट्टा. उद्या वीस बायका येणार आणि माझ्या सुनेच्या घरात सडक्या गाळाचा वास! आता ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसरं काही केलं नाही, फक्त गाळ काढला, त्याच्यासमोर गाळानं भरलेल्या तीन बरण्या ठेवल्यावर तो काय करणार? मी बाह्या सारल्या. गाळ सिंकमध्ये ओतायचा नसतो, नळी तुंबते, एवढी अक्कल मला आहे. मागच्या दाराच्या पायरीशी बर्फात खड्डा करून ओतला. बरण्या आधी साबणानं, मग ब्लीच घालून घासल्या. अशा लखलखीत केल्या की दुकानदारानं नव्या म्हणून विकाव्यात. खालच्याच ओट्यावर उपड्या घातल्या आणि बऱ्याच दिवसांनी मनाला बरं वाटलं. काम केल्यासारखं वाटलं.

सई शाळेतून आली, खाली आली. आधी खिडकीकडं बघितलं, मग ओट्यावरच्या बरण्यांकडं. रडली नाही, ओरडली नाही. एक बरणी उचलून तिनं वास घेतला.

"आबा. ब्लीच?"

"मग! एकदम कोरं करकरीत. बघ."

"दे वेअर अलाइव्ह," ती म्हणाली. मग मला कळावं म्हणून, तिला जड जाणाऱ्या मराठीत, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "ते जिवंत होते, आबा. थ्री मंथ्स. मी त्यांना वाढवत होते."

आणि पायऱ्या चढून गेली. या वेळी उडी नाही. एकेक पायरी.

संध्याकाळी आई आल्यावर तिनं वर सगळं सांगितलं ते मला खाली ऐकू आलं, कळलं नाही ते पुढं दिनेशनं समजावलं. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, कुणाला हवा लागते, कुणाला हवा सोसत नाही, कुणी अंड्याच्या सडक्या वासावर जगतं. जो तो आपापल्या थरात वस्ती करतो म्हणून ते रंगीत पट्टे. दुसऱ्या ग्रहावर जीव असलाच तर तो असाच असेल, दोन डोळ्यांचा हिरवा माणूस नव्हे, हे ती सायन्स फेअरला दाखवणार होती. पट्टे यायला दोन-तीन महिने लागतात. सायन्स फेअर अडीच आठवड्यांवर. दिनेश खाली येऊन म्हणाला, "आबा, चिठ्ठीवर लिहिलं होतं ना, हात लावू नका म्हणून?" मी म्हणालो, "माझी खोली आहे. घाण होती, काढली." असं म्हणालो मी. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो.

हळदीकुंकू झालं. बायका म्हणाल्या, घर किती छान ठेवलंयस गं. सईनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, पण जे बोलायचं असतं ते बोलली नाही. मी तो न खाता खिशात ठेवला. त्यापुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवताना "पास द भाकरी" एवढंच, तेसुद्धा बापाला. माणदेशातल्या माणसांनी माझ्याशी वर्षं वर्षं अबोला धरलाय, मी कधी मोजला नाही. पण पोरीच्या उड्यांचा आवाज बंद झाला आणि ते घर मला एकदम खोल वाटायला लागलं. मी मनाशी ठरवलं, मार्चात परत जायचं. दिनेशला तिकीट बघायलाही सांगितलं.

दुसऱ्या रविवारी दुपारी मी पाय धुऊन खाली उतरलो तर सई माझ्या खुर्चीत वही घेऊन बसलेली. चेहरा कामापुरता. तिच्या मिसनी तोड काढली होती: बरण्या नाहीत तर नसू देत, त्याच विषयावर दुसरं काही कर. उद्या बाहेरच्या जगातला जीव खरंच भेटला, तर कुठल्या कुठल्या कामाची माणसं लागतील, त्याचा तक्ता कर, आणि त्यातल्या एका कामाबद्दल एका खऱ्या माणसाची मुलाखत घे. सईनं यादी केली होती. आकाशातले आवाज ऐकणारा रेडिओचा इंजिनियर. बारीक जीव ओळखणारी बाई. अनोळखी भाषा उलगडणारा. डॉक्टर. वकील, म्हणजे ते आपल्याला कायद्यानं कोण लागतात हे ठरवायला. बापाची मुलाखत घेऊन झाली होती. "डॅड वॉज सो बोरिंग," ती म्हणाली. मला हसू आलं, पण मी दाबलं.

यादीत शेवटी एक काम होतं, ते तिलाच नीट कळलं नव्हतं. दुसऱ्या ग्रहावर यान पाठवायच्या आधी ते जंतू मरेपर्यंत स्वच्छ करणारी माणसं असतात. आपली घाण तिकडं जाऊ नये म्हणून. "बट व्हाय?" ती म्हणाली, आणि मला कळावं म्हणून पुन्हा मोडक्या मराठीवर आली. "तिकडची घाण इकडं नको, ते कळतं. आपली तिकडं गेली तर कोणाला काय?" मग थांबली, माझ्या ओल्या पायांकडं बघितलं, आणि आठ दिवसांचा अबोला विसरून तिनं विचारलं, "आबा, तुम्ही खाली यायच्या आधी पाय का धुता? एव्हरी टाइम?"

मी बसलो. म्हणालो, "पोरी, आधी एक खरं सांगतो. मी वॉटर डिपार्टमेंटला नव्हतो. मी आडातला गाळ काढायचो."

आणि मग सांगतच सुटलो. विशी ओलांडली नव्हती तेव्हा मी गेनूतात्यांच्या हाताखाली लागलो. गेनूतात्या म्हणजे आमच्या भागातला एक नंबरचा आडकरी. अंगानं काटकुळे, आवाज मात्र असा की आठ परस आडातून मारलेली हाक वेशीवर ऐकू जावी. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची, खोली आम्ही त्यावर मोजायचो. आड उपसून तळाचा गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे, हे काम. पण उतरायच्या आधी तात्यांचे नेम. अंघोळ करायची. तंबाखू थुंकून तीनदा चूळ भरायची. काठावर पाय घोट्यापर्यंत धुवायचे. अंगावर गळू, खरूज, नाकात सर्दी असेल तर त्या दिवशी दोराला हात लावायचा नाही. मग कंदील पेटवून दोरानं खाली सोडायचा; तो विझला तर खाली हवा विषारी, उतरायचं नाही. आणि हे सगळं झाल्यावर काठावर वाकून आत हाक मारायची, "येऊ का?" पहिल्या दिवशी मी हसलो. तात्यांनी दोराचा फटका दिला. "हसतोस? आरं, वर माणसं पाणी पित्यात आन् खाली रहाणारी रहात्यात. तू दोघांच्याबी घरात चाललायंस." आडात कासव असे, ते मी घमेल्यात घालून आधी वर पाठवायचो आणि काम झालं की परत सोडायचो. तात्या म्हणायचे, मालकाला बाहेर काढून त्याचं घर झाडतोयस, जपून झाड.

सई लिहीत होती. कुठं मराठी, कुठं इंग्रजी. तिची आई केव्हा पायरीवर येऊन बसली ते आम्हाला कळलं नाही.

मग मी जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही, ते सांगितलं. एका वाडीवरचा आड पार आटला होता. वाडीतल्या बायका दोन कोस पाण्याला जायच्या. गाळ काढून झाला, खाली कातळ लागला, पाणी नाही. तात्यांनी पहार मारायला सांगितली. तिसऱ्या दिवशी कपार फुटली आणि मनगटाएवढा झरा सुटला, गार, इतका गार की हाडात शिरावा. मी ओंजळ भरली, कंदिलाजवळ नेली. ओंजळीत काहीतरी हललं. भाताच्या दाण्याएवढे जीव. पांढरे, काचेसारखे आरपार, बारीक बारीक पाय, कुशीवर पोहणारे. आणि त्यांना डोळे नव्हते. डोळ्यांची जागाच नव्हती. कंदील जवळ नेला तरी त्यांना त्याचं काही नाही. उजेड हा प्रकारच त्यांच्या गावी नव्हता. मी ओंजळ तशीच धरून उभा राहिलो. भीतीनं नव्हे, त्याला शब्द मला तेव्हा सुचला नाही आणि आजही नाही. वरून तात्यांनी विचारलं, "काय रं?" मी म्हणालो, "तात्या, खाली कुणीतरी हाय."

तात्या स्वतः उतरले. ओंजळ बघितली. मग म्हणाले, "आपल्या आधीची वस्ती हाय ही. सोड." मी म्हणालो, "वर सांगूया की." ते म्हणाले, "सांगितलंस तर आरोग्य खात्याचा माणूस पावडर घिऊन यील, न्हाईतर वाडीतल्या बाया हे पाणी पिणार न्हाईत. दोन्हीकडनं आपणच मारणारं. पाणी ग्वाड हाय. ज्येचं घर त्येला ऱ्हाऊ दे." मी ओंजळ कपारीशी धरली, ते पाण्यातून आपसूक आत गेले. कपारीच्या तोंडाला आम्ही एक चपटा धोंडा लावला, फटीतून पाणी येईल एवढा. वाडीला पाणी मिळालं. आम्हाला पुरणपोळीचं जेवण मिळालं. त्या जेवणाची चव आठवते, पण ओंजळीतला तो गारवा जास्त आठवतो.

एवढं सांगून झालं, आणि मग मला कळलं मी काय केलंय ते. एका वस्तीला पावडरीपासून वाचवायला मी पन्नास वर्षं तोंड मिटून बसलो, आणि दुसऱ्या वस्तीवर स्वतःच्या हातानं ब्लीच घेऊन गेलो. ना पाय धुतले, ना कंदील सोडला, ना हाक मारली. साधं एवढं विचारलं नाही की बाई, या चिठ्ठीवर काय लिहिलंयस.

"सई," मी म्हणालो, "चुकलं माझं." सत्तर वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा म्हणालो असेन ते एका हाताच्या बोटांवर येईल, आणि तरी बोटं उरतील.

ती माझ्याकडं बघत होती, पण माझी माफी तिच्या कानापर्यंत पोचलीच नव्हती. तिचे डोळे हे एवढे झालेले. "आबा! यू मेट देम! तुम्ही त्यांना भेटलात आणि परत पाठवलं! दॅट्स द होल जॉब!" मग तिला काही सुचलं. "आबा, गाळ कुठं टाकला? सिंकमध्ये?"

"सिंकमध्ये कशाला टाकीन? बाहेर बर्फात. मागच्या पायरीशी."

"ब्लीच घालून?"

"नाही नाही, ब्लीच नंतर. रिकाम्या बरणीला."

ती खुर्चीतून उडालीच. अशी उडी की वर स्वयंपाकघरातली भांडी वाजली असावीत. "दे आर नॉट डेड! दे आर जस्ट फ्रोझन!"

वैशाली पायरीवरून म्हणाली, "अगं, कोट! टोपी! ग्लव्हज!" पण तोवर आम्ही दोघं मागच्या दारात. मी पांढऱ्या टोपीचा सातारी माणूस, पण त्या दिवशी माकडटोपी घालून गुडघ्यावर बसलो आणि फावड्याच्या टोकानं बर्फ उकरला. आठ दिवसांत त्यावर हातभर बर्फ साचलेला. खाली तपकिरी ढेप, दगडासारखी. पहारीनं कातळ फोडला तेव्हा इतकं जपून काम केलं नव्हतं. सई म्हणाली, "आबा, वेट," आणि तोंडाजवळ हातांचा कर्णा करून त्या ढेपेवर ओरडली, "येऊ का?" शेजारचे गोरे आजोबा कुंपणावरून बघत होते. त्यांनी हात केला, आम्हीही केला. त्यांना काय वाटलं देव जाणे.

ढेप नव्या बरणीत घातली. खोलीत विरघळली आणि नुसता तपकिरी राडा झाला. थर नाहीत, रंग नाहीत. सायन्स फेअरला ती तशीच नेली. शाळेच्या जिममध्ये ओळीनं टेबलं, कुठं ज्वालामुखी फसफसतोय, कुठं यंत्रमानव चालतोय. आमच्या टेबलावर कामांचा तक्ता, मधे चिखलाची बरणी, आणि बाजूला पांढरी टोपी घालून मी. मंडळातला एक पुण्याचा गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आला होता. म्हणाला, "अरे काका, तुम्ही इथं? वॉटर डिपार्टमेंटचे एक्सपर्ट म्हणून का?" दिनेश माझ्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा मी बघितला नाही. म्हणालो, "नाही हो. डिपार्टमेंट वगैरे काही नव्हतं. मी आडात उतरून गाळ काढायचो. चौथी नापास." गृहस्थ "अच्छा अच्छा" म्हणाला. मग त्यानं तक्त्यावर माझं नाव वाचलं आणि मुलाला पुढं केलं: "विचार आजोबांना."

परीक्षक बाई आल्या. उंच, चष्मा, हातात कागद. बरणीकडं बघून त्यांनी विचारलं, हे काय? सई म्हणाली, "दे आर रेस्टिंग." मग बाईंनी मलाच प्रश्न केला आणि सईनं तो मराठीत सांगितला: "आबा, त्या म्हणतात, दुसऱ्या ग्रहावर पहिलं तुम्हाला पाठवलं, तर तुम्ही काय कराल?"

मी फार विचार केला नाही. म्हणालो, "अंघोळ करून जाईन. आधी दिवा सोडीन. मग पाय धुईन. मग काठावर बसून हाक मारीन, येऊ का म्हणून."

सईनं सांगितलं. बाईंनी विचारलं, "आणि उत्तर नाही आलं तर?"

"तर काठावर बसून राहीन," मी म्हणालो. "घाई कुणाला आहे?"

बाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याशी हात मिळवला. त्या हस्तांदोलनाला मात्र कपडे माझे स्वतःचे होते. बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. ज्वालामुखी दरवर्षी फुटतो, त्यात काय एवढं? आम्हाला एक निळी फीत मिळाली, उत्तेजनार्थ. हा अन्याय होता असं माझं आजही मत आहे.

परत येताना गाडीत दिनेशनं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "आबा, मी उगाचच सांगत होतो सगळ्यांना."

"पाणी तर खरंच होतं रे," मी म्हणालो. "डिपार्टमेंट तेवढं नव्हतं."

तो हसला. मागं सईनं विचारलं, "आबा, मार्चचं तिकीट?" मी म्हणालो, बरणीतली मंडळी उठेपर्यंत कसा जाणार. घरी आलो तर बेसमेंटच्या पायऱ्यांच्या तोंडाशी वैशालीनं एक उथळ टब, तांब्या आणि जाड पायपुसणं मांडून ठेवलेलं. माझ्या सुनेनं माझ्यासाठी आयुष्यभर जे केलं त्यात हे मी सगळ्यात वर ठेवतो.

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी आधी खिडकीवरचा बर्फ काढायचो, मग गाडीच्या वाटेवरचा. उजेड लागतो त्यांना, सईनं सांगितलं होतं. बाहेरचा बर्फ वितळून गटारं वाहायला लागली त्या सुमारास एका सकाळी तिनं मला हाक मारली. बरणीच्या काचेला आतून, नखाएवढा, जांभळा पट्टा. शेजारी हिरवा. आम्ही दोघं काचेला नाक लावून बघत बसलो. खूप वर्षांनी मला ओंजळीत गारवा लागला.

आता मी ऐंशीच्या पुढं आहे आणि परत माझ्या गावी आहे. सई मॉन्ट्रियलला तेच शिकते, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं. फोनवर आता मराठीत बोलते, मधेच फ्रेंच शब्द टाकते आणि मला चिडवते. तिकडं शिकायला जाताना ती वॉटर्लूची बरणी माझ्या नावावर ठेवून गेली होती, पण विमानातून गाळ आणता येईना. म्हणून मी इथं, आमच्या ओढ्याच्या गाळाची तशीच एक भरून खिडकीत ठेवली आहे. गावातली माणसं विचारतात, आबा, हा गाळ कशाला सांभाळताय? मी सांगतो, पाहुणे आहेत. काच धुळीनं भरली की ओल्या फडक्यानं पुसतो, फक्त बाहेरून. आणि पुसायच्या आधी दर वेळी, कुणी ऐकत असो नसो, वाकून विचारतो, "येऊ का?"